विश्लेषण : दुकानाचे पॉइंट आणि तेंदूपत्त्याचा बोनस, उधारी नेमकी कोण कोणाला देतंय?

‘तुमचे ३१२ पॉइंट महिनाअखेरीस रद्द होतील. आजच खरेदी करा!’ असा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. माझ्या फोनवर गेल्या वर्षी आला. एका मोठ्या दुकानसाखळीचा होता, नाव राहू द्या. पॉइंट वापरायला गेलो तर काउंटरवर कळले की एका वेळी किमान ५०० पॉइंट असतील तरच ते वापरता येतात. ३१२ पॉइंट गेले. त्यांची किंमत काही फार नव्हती, दीडशे रुपयांच्या आसपास. पण वर्षभर प्रत्येक बिलाला इमानेइतबारे मोबाइल नंबर सांगितला होता, त्याचे वाईट वाटले.

हा प्रसंग आठवायचे कारण म्हणजे तेंदूपत्त्याचा बोनस. चंद्रपूर-गडचिरोलीत दर मे महिन्यात हजारो कुटुंबे पहाटे जंगलात जातात, तेंदूची पाने तोडतात, पुडे बांधतात. त्यांच्याकडेही एक कार्ड असते, त्यावरही रोजच्या नोंदी होतात. आजची मजुरी आज, आणि त्यावरचा बोनस नंतर, असा तो करार. दुकानाचे पॉइंट कार्ड आणि तेंदूचे कार्ड यांची रचना जवळपास सारखीच आहे: आमच्याकडेच येत राहा, उरलेले पुढे देऊ.

सध्या ब्रह्मपुरी, वडसा, चंद्रपूर, गडचिरोली अशा गावांतली लहान दुकानेही ‘मेंबरशिप’ आणि ‘लॉयल्टी कार्ड’ काढू लागली आहेत. त्यामुळे या योजनांचे यंत्र आतून कसे चालते, हे पाहण्याची हीच वेळ आहे.

पॉइंट म्हणजे नेमके काय?

सोपे उत्तर : पॉइंट म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेली उधारी.

समजा, १०० रुपयांच्या खरेदीवर १ पॉइंट आहे आणि एका पॉइंटची किंमत ५० पैसे. महिन्याला ३,००० रुपयांचा किराणा घेणाऱ्या घराचे वर्षाला ३६० पॉइंट होतात, म्हणजे १८० रुपये. ३६,००० रुपयांच्या खरेदीवर अर्धा टक्का. दुकानदाराला ही सूट बिलावर लगेचही देता आली असती. त्याने ती स्वतःकडे ठेवली आणि ‘नंतर देतो’ म्हणाला. तेवढे दिवस तुमचे पैसे त्याच्याकडे बिनव्याजी राहिले.

हिशेबाचे नियमही हेच मानतात. भारतात मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार पॉइंट दिल्यावर त्यांच्या वाट्याची रक्कम लगेच उत्पन्नात धरता येत नाही. ग्राहकाने पॉइंट वापरेपर्यंत किंवा ते रद्द होईपर्यंत ती देणे म्हणून दाखवावी लागते. किती ग्राहक पॉइंट वापरायला येणारच नाहीत, याचा अंदाजही कंपनी आधीच बांधते. या धंद्यात त्याला ‘ब्रेकेज’ म्हणतात. माझे ३१२ पॉइंट कोणाच्या तरी एक्सेल शीटमधल्या त्या अंदाजात आधीच बसलेले होते, हे नंतर लक्षात आले.

आधुनिक लॉयल्टी योजनांची सुरुवात साधारण १९८१ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या अंतरावर मोफत तिकीट देणारी योजना आणली. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानसाखळीने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्लबकार्ड काढले आणि त्याच वर्षी ती तिथली सर्वांत मोठी किराणा साखळी झाली. टेस्कोला खरा फायदा झाला तो माहितीचा. कोणते कुटुंब काय घेते, केव्हा घेते, काय घेणे थांबवते, हे पहिल्यांदाच दिसू लागले. बिल करताना ‘सर, मोबाइल नंबर?’ असे विचारतात ते याचसाठी. इंजिनीअरिंगला डेटाबेस शिकवताना ‘प्रायमरी की’ नावाची गोष्ट शिकवतात, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. दुकानाच्या वहीत तुमची ‘प्रायमरी की’ म्हणजे तुमचा मोबाइल नंबर.

ही वही किती मोलाची असते? २०२० मध्ये करोनाने विमाने जमिनीवर आणली, तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली लॉयल्टी योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमाने उडत नव्हती, पण पॉइंटच्या वहीवर कर्ज मिळत होते.

याच्या उलट टोकाला डीमार्ट आहे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडलेल्या या साखळीने कार्ड, पॉइंट, मेंबरशिप या भानगडीत न पडता थेट किंमतच कमी ठेवली. ग्राहक परत येतोच. म्हणजे निष्ठेसाठी योजना लागतेच, असे नाही.

मग गावच्या किराणा दुकानातली उधारी?

ती बरोबर उलटी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवे. गडचिरोलीत बहुतेकांचे पीक एकच, धान. पेरणी-रोवणी पावसाळ्यात, पैसा हातात येतो तो दिवाळीनंतर धान विकल्यावर. मधले महिने किराणा दुकानदाराच्या लाल वहीवर निघतात. दुकानदार तेल-मीठ-साबण आज देतो, पैसे चार महिन्यांनी घेतो. इथे उधारी दुकानदार देतो आणि जोखीमही त्याचीच असते. गिऱ्हाईक त्याच्याकडे वर्षानुवर्षे टिकते ते यामुळे.

ही व्यवस्था गोडगोड आहे, असे अजिबात नाही. वही दुकानदाराकडे, लिहिणारा तोच, भाव लावणारा तोच. उधारीवाल्याला त्याच दुकानात, त्याच भावाने घ्यावे लागते. धान किंवा मोहफूल त्यालाच विकावे लागते, असेही घडते. तरीही एक गोष्ट खरी : अडचणीच्या दिवसांत माल आधी मिळतो. पॉइंटच्या योजनेत गिऱ्हाईक आधी देते.

सराफांच्या मासिक बचत योजना याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही घालतो आणि त्या रकमेचे सोने घ्या, असे तिचे स्वरूप असते. या योजना वर्षाच्या आतच का संपतात? कंपनी म्हणून नोंदलेल्या सराफाने वस्तूपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत जुळवली नाही, तर २०१४ च्या नियमांनुसार ती ‘ठेव’ ठरते आणि ठेवीचे कडक कायदे लागू होतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. सराफाकडच्या हप्त्यांना तसे काही नाही. दुकान बंद पडले तर अकरा हप्त्यांची पावती हातात घेऊन पोलीस ठाण्यात जायचे. राज्यात असे प्रकार घडलेले आहेत.

तेंदूपत्त्याचा बोनस कसा चालतो?

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारी नियंत्रणात आला. जंगलाचे ‘घटक’ पाडायचे, प्रत्येक घटकातली पाने लिलावात किंवा निविदेने ठेकेदाराला द्यायची, अशी ही पद्धत. ठेकेदार संग्राहकांना ठरलेल्या दराने मजुरी देतो आणि सरकारकडे स्वामित्व शुल्क, म्हणजे रॉयल्टी भरतो. हीच रॉयल्टी पुढे पाने तोडणाऱ्यांना त्यांच्या संकलनाच्या प्रमाणात वाटायची, तो बोनस. सरकारी कागदांत त्याला ‘प्रोत्साहनार्थ मजुरी’ असे लांबलचक नाव आहे. फळीवर सगळे बोनसच म्हणतात. (फळी म्हणजे गावाजवळचे संकलन केंद्र, जिथे पुडे मोजून घेतात आणि उन्हात वाळत घालतात.)

मोजमाप असे : ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने. एखाद्या कुटुंबाने दिवसाला २०० पुडे केले तर १४ हजार पाने तोडावी, निवडावी आणि बांधावी लागतात. पंधरा दिवसांत तीन गोण्या. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत परतायचे, दुपारभर ओसरीत घरातल्या सगळ्यांनी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर. हंगाम पंधरा-वीस दिवसांचाच. पाऊस लवकर आला तर त्याहून कमी. हातात येणारा पैसा बियाणे, खत आणि पोरांच्या शाळाप्रवेशाच्या नेमक्या वेळेला येतो.

आणि जोखीम? पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून पाने तोडणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे वनकर्मचारी सांगतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बोनसच्या हिशेबात ही किंमत कुठल्याही रकान्यात बसत नाही.

योजना म्हणून पाहिले तर बोनसची रचना दुकानाच्या पॉइंटपेक्षा सरस आहे. सिल्व्हर-गोल्ड अशा पायऱ्या नाहीत. जेवढ्या गोण्या, तेवढा वाटा. ‘किमान ५००’ची अट नाही. कागदावर तरी बोनस रद्द होत नाही.

पण कागदाबाहेर होतो. बोनस हंगाम संपल्यावर लगेच येत नाही. रॉयल्टी जमा होणार, हिशेब होणार, याद्या बनणार, मग खात्यात रक्कम. हंगाम आणि बोनस यांत वर्ष जाते, कधी त्याहून जास्त. तोवर कार्ड भिजलेले असते, हरवलेले असते. कार्ड बहुतेक वेळा कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या नावावर. पाने मात्र घरातल्या बायका तोडतात. कार्डावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव यांत एका काना-मात्रेचा फरक पडला तरी रक्कम अडकते. मघाच्या ‘प्रायमरी की’ची हीच गंमत आहे, आणि इथे ती गंमत राहत नाही. दुकानाने मोबाइल नंबर निवडला कारण तो एकमेव असतो. फळीवरच्या वहीत ओळख म्हणजे मुन्शीने ऐकून लिहिलेले नाव.

सगळ्यात मोठी अडचण निराळीच आहे. आपल्या घटकाची रॉयल्टी किती आली आणि त्यातून आपल्या वाट्याला गोणीमागे किती, हे संग्राहकाला स्वतः पाहता येत नाही. खात्यात जे येईल तेच खरे. दुकानाचे ॲप निदान शिल्लक पॉइंट तरी दाखवते.

वही गावाच्या हातात आली तर?

तसे घडलेलेही आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूला स्पष्टपणे गौण वनोपजात धरले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात तो पहिल्यांपैकी एक. तरीही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना द्यायचा कोणी, हा वाद दोन वर्षे चालला आणि २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. वही कोणाकडे, हा प्रश्न किती टोकाचा असतो याचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण.

२०१३ पासून गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. आज पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात : विक्री वन विभागामार्फत करायची किंवा स्वतः. स्वतः करणाऱ्या ग्रामसभेत मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही गावाच्या खात्यात येतात, वाटपाचा नियम गाव ठरवते, हिशेब गावापुढे वाचला जातो.

एकेकट्या छोट्या गावाला ठेकेदारापुढे भाव करणे जड जाते. म्हणून कोरची तालुक्यात जवळपास ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. सदस्य ग्रामसभा तिच्या कामाला वर्गणी देतात आणि एकत्र निविदा काढतात. मेंबरशिप या शब्दाचा मला तरी पटलेला अर्थ हाच आहे : सभासद एकत्र आल्यामुळे त्यांचा भाव वाढतो. ही कल्पना नवीन नाही. इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली २८ जणांनी काढलेल्या सहकारी दुकानात नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत मिळे. पॉइंट कार्डाचा तो खरा पूर्वज. आपल्याकडे १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवतात आणि आलेला माल आपसात वाटून घेतात.

गावाच्या वहीत जोखीमही गावाचीच असते, हे मात्र सांगायलाच हवे. २०१७ च्या हंगामात तेंदूचे भाव विक्रमी चढले. पुढच्याच वर्षी कोसळले. चढ्या भावाने पाने घेतलेल्या काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. पाने वाळून, गोण्या भरून, ट्रकमधून निघून गेलेली. अशा वेळी ग्रामसभा तरी दुसरे काय करत होती? ठेकेदाराला उधारीच देत होती. तेव्हापासून अनामत रक्कम आधी, माल टप्प्याटप्प्याने, असे करार करण्याकडे ग्रामसभांचा कल वाढला. पॉइंट देणाऱ्या कुठल्याही दुकानाकडून असे तारण आजवर कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर तिसरीच वाट धरली. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक हक्क मिळालेल्या या गावाने बांबूचा धंदा उभा केला आणि तेंदूपाने तोडणे बंद केले. पानांसाठी झुडपांची छाटणी होते, वणवे लागतात, आणि तेंदूची फळे खायला राहत नाहीत, हे त्यांचे कारण. हातचे उत्पन्न सोडायचा निर्णय सभासदांनी स्वतः घेतला. पाचगावात सभासदत्वाबरोबर कामही येते : जंगलाच्या राखणीची पाळी घरागणिक लागते.

दुकानदाराने योजना आखताना काय पाहावे?

समजा वडशातल्या एखाद्या किराणा किंवा कृषी केंद्राला खरोखर चांगली योजना काढायची आहे. ॲप बनवणाऱ्याला फोन करण्याआधी गिऱ्हाईक कसे राहते, ते पाहावे. भामरागड-एटापल्लीच्या बऱ्याच गावांत रेंज मिळायला टेकडी चढावी लागते. तिथे ओटीपीशिवाय न उघडणारी मेंबरशिप म्हणजे नसल्यात जमा. घरात फोन एक आणि तो नवऱ्याच्या खिशात, तर खरेदी करणाऱ्या बाईच्या नावावर काहीच जमत नाही. तिथे शिक्का मारलेले छापील कार्ड जास्त चालेल, आणि ते दोन प्रतींत हवे, एक दुकानात, एक घरात.

दुसरे म्हणजे, परतावा केव्हा? धानाच्या हंगामानंतर गिऱ्हाइकाला सवलतीची गरज नसते. ती असते जून-जुलैत, बियाणे आणि वह्या-पुस्तके घेताना. वर्षभर जमलेली रक्कम त्या महिन्यात हमखास वापरता आली, तर ती योजना लोक लक्षात ठेवतील. आणि उधारी वेळेवर फेडणाऱ्याला पुढच्या वर्षी जास्त उधारी, थोड्या कमी भावाने, हीसुद्धा लॉयल्टी योजनाच आहे. माझ्या मते या भागासाठी सगळ्यात उपयोगी तीच.

पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपचे गणित वेगळे. भारतात २०१६ ला आलेल्या ॲमेझॉन प्राइमसारख्या योजनेत फी आधी जाते, आणि मग ‘फी भरलीच आहे तर’ म्हणून आपण तिथूनच घेत राहतो. गडचिरोली शहराबाहेर पार्सल किती दिवसांत येते, हे फी भरण्याआधी शेजाऱ्याला विचारलेले बरे.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय?

बिलासाठी मोबाइल नंबर देणे बंधनकारक नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना तसे बजावले आहे. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘डार्क पॅटर्न’च्या १३ प्रकारांना मनाई केली, सभासद होणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड ठेवणे, हा त्यांतला एक. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

तेंदू संग्राहकाला या हेल्पलाइनचा उपयोग नाही, कारण कायद्याच्या भाषेत तो ग्राहक नाही. त्याची दाद वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा ग्रामसभेत. तेंदूच्या झुडपांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते, तेव्हाच कार्डावरचे नाव आधार आणि बँक पासबुकाशी जुळते का, हे पाहून दुरुस्त करून घेता येते. पाने तोडणारी बाई वेगळी असेल, तर कार्डावर तिचे नाव घालण्याची मागणीही तेव्हाच करावी. आणि रोज संध्याकाळी फळीवर मुन्शीने नोंद केली की, पोराला सांगून कार्डाचा फोटो काढून ठेवावा. त्याला रेंज लागत नाही.